सोमवारचं वजन

सोमवार उजाडला की रोहिणीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या दिवशी तिच्या नऊ महिन्यांच्या चन्नूचं वजन व्हायचं. दवाखान्यात नाही, अंगणवाडीत नाही, दुकानातल्या काट्यावर! ज्या काट्यावर रोज शेंगदाणे, गूळ, सरकी पेंड चढायची, त्याच काट्यावर सोमवारी तिचं लेकरू चढायचं. लाल आकडा किती उमटतो त्यावर घरात हसायचं का भांडी आपटायची ते ठरायचं. आता ह्याला काय म्हणावं?

घर गेवराईत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीला. पुढं किराणा दुकान, मागं राहायच्या खोल्या, मध्ये एक पडदा. सासरे वीरभद्रप्पा. तालुक्यात त्यांचं नाव होतं ते काट्यासाठी. सकाळी आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची, तीच बोटं काट्यावर ओढायची आणि मगच शटर वर करायचं. इलेक्ट्रॉनिक काटा आला तरी हा नेम सुटला नाही. आता फक्त आकड्याची काच तेवढी सोडून पट्टे ओढायचे. "वीरभद्रप्पाकडं लहान पोराला पाठवा, माल बरोबर येतोय," असं गल्ली म्हणायची, आणि ते कानावर आलं की म्हातारा गादीवर अजून ताठ बसायचा.

चन्नूचं उष्टावण झालं, तो वरचं खायला लागला, आणि वीरभद्रप्पांच्या डोक्यात किडा वळवळला. "पोराच्या अंगी लागतंय का न्हाई ते कळाया पायजे. अंगणवाडीतला काटा कुणी तपासलाय? आपला काटा हाय की घरचा!" झालं. काट्यावर दुपटं अंथरलं, चन्नूला ठेवलं, आकड्यासकट फोटो काढला आणि 'भावकी' नावाच्या ग्रुपवर टाकून दिला. त्यावर चुलत भाऊ शिवशंकर कापडवाले यांनी आपल्या नातवाचा फोटो टाकला. गालांचे फुगे, मनगटाला वळ्या. तिथून पुढं दोन म्हाताऱ्यांची जी चढाओढ सुरू झाली, तिला दोन लेकरांच्या पोटाशी काही देणंघेणं नव्हतं.

तरी पहिले काही सोमवार बरे गेले. रोहिणी आष्टीकडची. तिच्या माहेरी लेकरू वरचं खायला लागलं की त्याला सगळ्यांच्या पंगतीत बसवायचे, पुढ्यात मऊ भात, कुस्करलेली भाकरी ठेवायची, आणि त्याचं ते मातीसारखं कालवत बसायचं. काही पोटात जायचं, काही केसात. तीही चन्नूला तसंच बसवायची. भूक असली की तो पुढं झुकायचा, घास यायच्या आधीच तोंड वासायचा, उशीर झाला तर रागानं मांडीवर थापा मारायचा. पोट भरलं की मान फिरवायचा. चमचा जवळ आला की हातानं उडवून द्यायचा आणि खिडकीतली चिमणी बघत बसायचा. एखाद्या दिवशी वाटी चाटूनपुसून साफ, दुसऱ्या दिवशी दोन घासांत बस्स. रोहिणीला त्याचं काहीच कोडं वाटत नव्हतं. मोठ्या माणसाला तरी रोज सारखी भूक लागते का?

मग चन्नूला दात यायला लागले. हिरड्या सुजल्या, ताप आला, खाणं कमी झालं. त्या सोमवारी आकडा मागं सरकला.

वीरभद्रप्पांनी फोटो टाकलाच नाही. दुपारी शिवशंकररावांनी ग्रुपवर विचारलं, "आज नातवाचं वजन न्हाई का?" खाली हसरं तोंड. वीरभद्रप्पा पडदा ओढून आत आले ते ओरडतच. "घरात धान्याची पोती रचल्याली, आन् माझा नातू उपाशी? दोन दोन बाया घरात हाईत, काय करता काय दिवसभर? एक लेकरू भरवाया येईना तुमाला!"

"मामा, दात येतायत त्याला," रोहिणी म्हणाली. "दुखतंय म्हणून खाईना. बरं वाटलं की खाईल."

"मला शिकवू नको. माल आत गेला की काट्यावर दिसतोय. दिसत न्हाई म्हंजे आत गेला न्हाई."

माल! लेकराला माल म्हणतो हा माणूस, आणि वर आजोबा म्हणवतो! रोहिणीच्या ओठांवर आलं होतं, पण सासू दानम्मांनी तिचा दंड असा दाबला की ती गप्प बसली. दानम्मांनी त्या घरात उभी हयात काढली होती, ती नवऱ्याचा आवाज चढू न देण्यात. आवाज चढला की त्यांचे हात कापायचे.

पुढच्या सोमवारी पहाटेच दानम्मांनी फडताळातून बोंडलं काढलं. चोचीचं, चांदीचं, लेकाला, सिद्धारामला, लहानपणी दूध पाजायचं. नाचणीची खीर पातळ करून त्यात भरली. चन्नूला दोन पायांच्या पन्हाळीत आडवा घातला, एका हातानं गाल दाबले आणि चोच तोंडात सारली. पोरगं मान हलवायला गेलं तर मान हलेना. रडायला तोंड उघडलं की खीर आत. गिळलं की पुन्हा रड, रडलं की पुन्हा खीर.

"आत्या, नको म्हणतंय ते!" रोहिणीनं हात धरला.

"गप बस गं. लेकरं नकोच म्हणत असत्यात. सिद्धारामला असंच वाढवलंय मी. आन् आज सोमवार हाय, ध्यानात हाय का?"

बोंडलं रिकामं झालं आणि तडक चन्नूला दुकानात नेला. आकडा पुढं! वीरभद्रप्पा खूश, फोटो ग्रुपवर, शिवशंकररावांची बोलती बंद. दानम्मांचे हात त्या दिवशी कापले नाहीत.

पण आता गोची अशी, की ह्या सोमवारी पोट भरून ठेवलेलं पोर मोजलं, तर पुढच्या सोमवारी त्याच्यापेक्षा जास्त भरलं पाहिजे. नाहीतर आकडा मागं. म्हणजे दर सोमवारी खीर जास्त. आणि नुसत्या सोमवारनं भागेना, म्हणून मंगळवारीही, बुधवारीही, सकाळी-संध्याकाळी बोंडलं. चन्नूला चांदी चमकलेली दिसली की तो ओठ घट्ट मिटायचा आणि किंचाळायचा. हळूहळू चमचा दिसला तरी मिटायला लागला. मग वाटी दिसली तरी. जे पोर घासासाठी मांडीवर थापा मारायचं, ते आता आईच्या हातात भात बघून पाठ फिरवायला लागलं. रोहिणीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. भूक लागली तरी हे पोर तोंड उघडेना झालं तर?

तिनं रात्री नवऱ्याला सांगितलं. सिद्धाराम बापाच्या हाताखाली दुकान सांभाळायचा. स्वभावानं गरीब, अंगानं आडवा, तिशीतच पायऱ्या चढताना धापा टाकायचा. त्याचं जेवण हा घरातला एक बघण्यासारखा प्रकार होता. अव्वा, म्हणजे त्याची आई दानम्मा, ताटात टाकत राहायची, तो खात राहायचा. अव्वा थांबली की जेवण झालं. भूक आहे का, पोट भरलं का, हे त्याला कोणी विचारलेलं रोहिणीनं कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यानंही कधी सांगितलं नव्हतं.

"अव्वाला कळतंय गं," तो कूस बदलत म्हणाला. "तिनं मला वाढवलंय."

"तेच तर बघतीय रोज!" रोहिणी फणकारली.

"मी अप्पाला काय बोलू? तू बी उगं डोक्यात घेऊ नको."

उगं! पोर किंचाळतंय, आणि म्हणे उगं! रोहिणीला वाटलं, ह्या माणसाला गदागदा हलवावं. पण हलवून उपयोग काय, सगळे पांघरूण घेऊन झोपलेले.

त्याच आठवड्यात एक तमाशा झाला. बंकट नावाचा एक चिंचवाला पोती घेऊन दुकानी आला. वीरभद्रप्पांनी एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर चिंच वर काढली, दाबली, आणि तळहात सगळ्या गल्लीला दाखवला. ओला.

"पाणी मारलंस व्हय बे?" ते गरजले. "पाणी मारून वजन वाढवतूस, आन् ते माझ्या काट्यावर चढवाया आणतूस? अरं, ह्या काट्याला मी रोज इभूत लावतो! उचल! उचल तुझी पोती! वजन खोटं म्हंजे माणूस खोटा! पुन्हा ह्या गल्लीत दिसलास तर तंगडं मोडून हातात देईन!"

बंकट खाली मान घालून निघून गेला. गिऱ्हाइकं कौतुकानं बघत होती. पडद्याआड रोहिणी चन्नूला कडेवर घेऊन उभी होती. तिला आधी हसू आलं, आणि मग असा संताप आला की हसू तोंडातच राहिलं. खोटं वजन! आणि दर सोमवारी ह्याच काट्यावर काय चढतंय?

सोमवार आला. दानम्मांनी बोंडलं भरलं, पुन्हा भरलं. चन्नू रडून रडून घामाघूम झाला. रोहिणीनं बोंडलं हिसकायला हात घातला तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. "माझे आई, आजच्या दिवस. गेल्या खेपेला जरासाच पुढं गेलता आकडा, तवापासून तोंड वाकडं हाय त्यांचं. आजच्या दिवस करू दे." तेवढ्यात वीरभद्रप्पांनी पडदा सारला आणि पोराला उचलून घेऊन गेले.

दुकानात दूधवाला धोंडीराम होता, दोन-तीन बायका होत्या. चन्नू काट्यावर बसेना, आकडा थांबेना. म्हणून वीरभद्रप्पांनी त्याला उताणा निजवला आणि मोबाइल काढला. आकडा स्थिर झाला. वीरभद्रप्पा मोबाइलात बघत होते. धोंडीराम आकड्याकडं बघत होता. सिद्धाराम साखरेची पुडी बांधत होता.

पोराकडं बघत होती फक्त रोहिणी, पडद्यातून. चन्नूच्या तोंडातून खीर वर आली आणि तिथंच थांबली. डोळे मोठे झाले. हातपाय झाडतोय, तोंड उघडतंय, आणि आवाज नाही. ओठ निळे.

"अगं बाई!" कोण ओरडलं ते रोहिणीला कळलं नाही. तिनं डबे लाथाडले, सासऱ्याला खांद्यानं ढकललं, पोराला उचलून पालथा हातावर घेतला, डोकं खाली केलं आणि पाठीत थापा दिल्या. एक. अजून एक. अजून. मग खीर बदकन बाहेर आली, काट्यावर, विभूतीच्या पट्ट्यांवर, आणि चन्नूनं टाहो फोडला. इतका गोड आवाज रोहिणीनं जन्मात ऐकला नव्हता.

"काय झालं, काय झालं," वीरभद्रप्पा पुटपुटले. मग चारचौघं बघतायत हे ध्यानात आलं आणि सवयीनं आवाज चढला. "बघून भरवाया न्हाई येत का तुमाला? काट्यावर घाण केली सगळी!"

बस्स! इतके दिवस दाबून धरलेलं सगळं उसळून वर आलं.

"घाण?" रोहिणीचा आवाज बसस्टँडपर्यंत गेला असेल. "मामा, ही घाण न्हाई, हे तुमचं वजन हाय! बघा नीट! ह्याचाच फोटो काढत व्हता ना तुमी दर सोमवारी? काढा की आता! टाका ग्रुपवर!"

"सुनबाई, ताळ्यावर ये. गिऱ्हाईक हाय."

"असू द्या गिऱ्हाईक! गिऱ्हाइकालाच सांगते. धोंडीरामभाऊ, बंकटच्या चिंचंला पाणी मारल्यालं व्हतं, म्हणून मामांनी त्याला तंगडं मोडायची धमकी दिली. बरोबर केलं! आन् माझ्या लेकराला? काट्यावर चढवायच्या आधी त्याचे गाल दाबून पोटात खीर वतायची, आन् मग मोजायचं! ते पाणी मारणं न्हाई, तर काय हाय? वजन खोटं म्हंजे माणूस खोटा, तुमीच म्हणला व्हता. मग ह्या काट्यावर इतके सोमवार खोटं वजन चढलंय. तुमच्या काट्यावर! रोज इभूत लावलेल्या काट्यावर!"

वीरभद्रप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. आजवर त्यांना कोणी कंजूष म्हटलं होतं, तापट म्हटलं होतं, ते त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. काट्यावरून बोट दाखवायची हिंमत कोणाची झाली नव्हती. त्यांनी पडद्याकडं मान वळवली. दानम्मा तिथं बोंडलं हातात घेऊन उभ्या होत्या.

"तू भरवत व्हतीस? मोजायच्या आधी? मला न सांगता?" ते दात खात पुढं झाले.

रोहिणी मध्ये आडवी आली. कडेवर पोर, केस सुटलेले, पदरावर खीर. "त्यांना कावून बोलता? वजन कुणाला पायजे व्हतं? आकडा जरा मागं आला तर घर डोक्यावर कोण घेत व्हतं? त्यांनी पोराच्या भुकेसाठी भरवलंच न्हाई कवा. तुमचं तोंड बंद ऱ्हावं म्हणून त्या भरवत व्हत्या, माझ्या लेकराच्या तोंडात!"

दानम्मांनी बोंडलं गल्ल्यावर ठेवलं. "खरं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी वरडता. मला भ्या वाटतंय. सिद्धारामच्या टायमाला बी वाटत व्हतं." एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

सिद्धाराम पुडी हातात धरून उभा होता. दोरा तुटला होता. रोहिणीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं चप्पलही न घालता रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली, बराच वेळ तपासली आणि म्हणाले, आत काही गेलेलं नाही, नशीब समजा. रोहिणीनं ते ऐकलं आणि बाकावर बसून तोंडात पदर कोंबून रडली. नवऱ्यानं खांद्यावर हात ठेवला तो तिनं झटकून टाकला.

त्या आठवड्यात घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. काटा पुसून झाला, विभूती लागली, दुकान चाललं. चन्नू मात्र तोंड उघडेना. अंगावर प्यायचा तेवढाच. रोहिणी रोज ताटलीत मऊ भात, वरण, उकडलेला बटाटा घेऊन त्याच्या पुढ्यात ठेवायची आणि स्वतः शेजारी बसून भाकरी खायची. चमचा नाही, वाटी नाही, "खा रे बाळा" सुद्धा नाही. आतून जीव तुटायचा. हात शिवशिवायचे. एक घास, एकच घास घालावा का? ती हात मांडीखाली दाबून बसायची. तो ताटलीकडं बघायचा, तिच्याकडं बघायचा, आणि ताटली ढकलून द्यायचा. ती उचलून ठेवायची आणि मोरीत जाऊन भांड्यांवर राग काढायची.

पुन्हा सोमवार आला. वीरभद्रप्पांनी सवयीनं काटा पुसला, दुपटं काढलं, घडी केली, परत ठेवून दिलं. दुपारी जेवायला आत आले तेव्हा चन्नू पाटाजवळ फतकल मारून बसला होता. म्हातारा आपल्या जागी बसला. सिद्धारामही बसला. दानम्मा वाढायला लागल्या.

आणि चन्नूनं हात पुढं केला. बटाट्याचा एक गोळा मुठीत धरला, चेपला, वास घेतल्यासारखं केलं आणि तोंडात घातला. रोहिणीचा घास हातातच राहिला. त्यानं अजून एक घेतला. मग वरणात हात बुडवून चोखला. मग भात. मग पुढं झुकून, तोंड वासून, आईच्या गुडघ्यावर थाप मारली. दे! तिनं दिला. अजून दिला. मग त्यानं मान फिरवली आणि आजोबांच्या मिशांकडं बघत बसला. ताटलीत अर्ध्याहून जास्त भात तसाच होता.

"एवढंच?" वीरभद्रप्पांच्या तोंडून निघून गेलं. आवाज मोठा नव्हता. "आगं, अजून लई शिल्लक हाय की. पोट भरलं ते कळायचं कसं?"

"ते सांगतंय की," रोहिणी तुटक बोलली. "मान फिरवली बघा. इतके दिवस फिरवतच व्हतं. तुमी काट्याकडं बघत व्हता."

वीरभद्रप्पांचा हात ताटलीपर्यंत गेला होता. बोटात भात होता. चन्नूनं त्या हाताकडं बघितलं आणि ओठ मिटले. म्हाताऱ्यानं हात मागं घेतला, भात स्वतःच्या तोंडात टाकला आणि खाली बघून जेवायला लागला.

दानम्मा आता सिद्धारामच्या ताटाशी आल्या होत्या. त्यांच्या हातात गरम भाकरी होती, नेहमीसारखी, न विचारता टाकायची. सिद्धाराम पोराकडं बघत होता. भाकरी खाली आली आणि त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"बस्स, अव्वा."

दानम्मा दचकल्या. "कावून रं? बरं वाटंना का?"

"न्हाई. पोट भरलंय माझं."

भाकरी दानम्मांच्या हातात तशीच राहिली. तिचं काय करायचं हे त्यांना कळेना. सिद्धाराम बायकोकडं बघून ओशाळं हसला, जणू आता तरी ती काही बरं बोलेल.

रोहिणी हसली नाही. तिनं चन्नूचं तोंड पदरानं पुसलं, त्याला कडेवर घेतला आणि उठताना नवऱ्याला म्हणाली, "तुमाला हे 'बस्स' तोंडातून काढाया तीस वर्सं लागली. आन् त्यासाठी माझं लेकरू निळं पडावं लागलं."